आठ नंबरचे हातमोजे

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला आत वळून, पत्र्याच्या शेडमध्ये आमचं छोटं प्रशिक्षण केंद्र आहे. विजेच्या गाड्या जोडणारी आणि दुरुस्त करणारी मुलं-मुली इथे तयार होतात. त्याआधी सत्तावीस वर्षं मी एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. डिझेल, हायड्रॉलिक, ग्रीस आणि कानात कायमचा बसलेला घणघणाट.

२०१९ च्या फेब्रुवारीत पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, पहिल्या ई-बस निगडी आणि भेकराईनगर डेपोतून सुटू लागल्या, तेव्हा मी मुद्दाम निगडीला जाऊन एकीत बसलो. गाडी सुरू झाली की नाही तेच कळेना. शेजारच्या आजींनी कंडक्टरला विचारलं, "बंद पडली का रं?" तोवर बस थांबा सोडून पुढे आली होती. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, आपला धंदा बसला. ती म्हणाली, मग नवा शिका. तेव्हापासून शिकतोय आणि शिकवतोय. त्यात जे हाताला लागलं ते आठवेल तसं लिहितो.

१. आधी मीटरची हजेरी

पहिल्या वर्षीची गोष्ट. लातूरकडचा एक मुलगा टेबलावरचा बॅटरी पॅक मीटरने तपासून म्हणाला, "सर, शून्य दाखवतंय." आणि पाना घेऊन टर्मिनलच्या बोल्टकडे निघालासुद्धा. कुणास ठाऊक का, मी त्याचा हात धरला. तेच मीटर शेजारच्या १२ व्होल्टच्या चांगल्या बॅटरीला लावलं, तर तिथेही शून्य. मीटरची काळी वायर रबराच्या आत तुटलेली होती. पॅक पूर्ण भरलेला होता.

तेव्हापासून नियम एकच. मीटर आधी माहितीतल्या बॅटरीला लावायचं, मग कामाच्या जागी, मग पुन्हा माहितीतल्या बॅटरीला. तिन्ही वेळा उत्तर बरोबर आलं तरच पॅक 'मेला' समजायचा. पोरं याला 'मीटरची हजेरी' म्हणतात. कारमध्ये तर पॅकची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कंपनीच्या पुस्तकात सांगितलेली मिनिटं थांबावं लागतं, कारण कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते. ही मिनिटं पोरांना फार जड जातात. कुणीतरी मोबाइल काढतो. मी त्यांना त्या वेळात हातमोजे तपासायला लावतो.

कारच्या पॅकला ३०० च्या वर व्होल्ट असतात, त्याला सगळे घाबरतात. स्कूटरच्या पन्नासेक व्होल्टला मात्र हसतात. पन्नास व्होल्टचा झटका फारसा बसत नाही हे खरं, पण दोन टर्मिनलांमध्ये लोखंड आडवं पडलं की शेकडो अँपिअर धावतात. आमच्या भिंतीवर दहा-अकराचा एक पाना टांगलाय, त्याचं एक तोंड मेणबत्तीसारखं ओघळलेलं आहे. तो माझ्याच हातून पडला होता. नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी तोच दाखवतो.

२. कडं, अंगठी, मंगळसूत्र

पॅकजवळ जाताना अंगावर धातू नको. मुलांची कडी, चांदीच्या साखळ्या, 'शनीची' अंगठी हे सगळं काढायला लावताना जेवढी हुज्जत झाली, तेवढी मुलींच्या मंगळसूत्रावरून होईल अशी माझी खात्री होती. म्हणून पहिल्या बॅचला भाषणच तयार करून गेलो. आमच्याकडच्या एका विवाहित मुलीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, काढून ठेवायचं कुठं? खिडकीत?"

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला कुलूप लावता येईल असा कप्पा दिला आणि विषय संपला. प्रश्न सौभाग्याचा नव्हता, चोरीचा होता. तेव्हापासून 'त्यांच्याकडे चालत नाही' असं कुणाबद्दलही ऐकलं, की मी आधी कप्पा आहे का ते विचारतो.

३. हातमोज्याला नंबर असतो

हा धडा मला सर्वांत उशिरा कळला आणि त्याची लाज वाटते.

विजेच्या कामाचे रबरी हातमोजे साधे नसतात. कारच्या कामाला आम्ही 'क्लास झिरो' वापरतो, ते १००० व्होल्टपर्यंतचे. वरून चामड्याचे हातमोजे. वापरण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आणून आत हवा कोंडायची आणि गालाजवळ धरून कुठून फुंकर लागते का ते बघायचं. सुईएवढं भोक असेल तर जोडी बाद. हे सगळं मी पाठ करून घेतलं होतं. पण केंद्रासाठी मी एकगठ्ठा मागवलेल्या जोड्या सगळ्या दहा नंबरच्या होत्या, कारण दुकानदाराकडे त्याच होत्या आणि माझ्या हाताला त्या बसत होत्या.

परभणीची एक मुलगी होती. लेखी परीक्षेत पहिली, मीटरच्या हजेरीत कधी चुकली नाही. पण पॅकवरचा छोटा बोल्ट काढताना सगळ्यांच्या दुप्पट वेळ. मी वहीत शेरा लिहिला: 'हात सफाईदार नाही.' एके दिवशी मागून पाहिलं तर तिने उजव्या हाताचा मोजा काढून बाजूला ठेवलेला. मी ओरडलो. ती म्हणाली, "सर, बोटांची टोकं दीड इंच रिकामी राहतात. बोल्ट कुठंय तेच लागत नाही हाताला."

तिचा हात मोजला. आठ नंबर. म्हणजे सात महिने मी एका हुशार मुलीला 'सफाईदार नाही' म्हणत होतो आणि वर तिला उघड्या हाताने काम करण्याच्या वाटेवर ढकलत होतो. आठ नंबरचे मोजे मुंबईहून आले त्या आठवड्यात तिचा वेळ सगळ्या बॅचमध्ये सर्वांत कमी आला. वहीतला शेरा मी खोडला नाही, तसाच ठेवलाय.

मोज्यांच्या निमित्ताने बाकीचंही दिसू लागलं. टेबलाची उंची सरासरी पुरुषाच्या हिशेबाने. टॉर्क रेंचचा दांडा तसाच. आणि माझी स्वतःची कामाची वाटणी: मुली वायर हार्नेसवर, मुलं पॅकवर. बायकांची बोटं नाजूक, त्यांना बारीक काम जमतं, असं म्हणत पुण्याच्या पट्ट्यात हार्नेसच्या कामाला वर्षानुवर्षं बायका घेतल्या जातात. मीही तेच करत होतो. मुलींमधल्या एकीने तोंडावर विचारलं, "आम्ही वायरी बांधायलाच आलोय का?" दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या टाकून वाटणी. बोटं इतकी कुशल असतील तर ती बॅटरीच्या टेस्टिंगला आणि मेंटेनन्सला का चालत नाहीत, जिथे पगार जास्त आहे, याचं उत्तर मला अजून कुठल्याही मॅनेजरने दिलेलं नाही.

प्रश्न जुनाच आहे. पुण्याच्या नोकरीसाठी टेल्कोने, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सने, १९७४ साली दिलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी नावाच्या तरुणीने, म्हणजे आजच्या सुधा मूर्तींनी, ते वाचून थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं आणि नोकरी मिळवली. त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात आज हजारावर बायकांची लाइन हॅरिअर आणि सफारी जोडते. तमिळनाडूत कृष्णगिरीला ओलाने २०२१ साली आपला स्कूटरचा कारखाना सगळा बायकाच चालवतील आणि पूर्ण क्षमतेला दहा हजार जणी असतील, अशी घोषणा केली. हे चांगलंच आहे. पण असा फोटो छापून आला की मी लाइनकडे बघत नाही, लाइनच्या टोकाला वही घेऊन उभ्या असलेल्या सुपरवायझरकडे बघतो. तिथेही बाई असेल तर फोटो कापून भिंतीला लावतो. अजून भिंत बरीच मोकळी आहे.

४. नाना पेठेतले मामा आणि ऐकू न येणारा मुलगा

नाना पेठेत तीस वर्षं दुचाकी दुरुस्त केलेले एक मामा आमच्याकडे आले. शिक्षण सातवी. कार्ब्युरेटर डोळे मिटून ट्यून करणारा माणूस. पोरगा म्हणाला, गॅरेज बंद करा, म्हणून रुसून आले होते. त्याच बॅचला एक मुलगा होता, जन्मतः ऐकू न येणारा. आयटीआयमध्ये आता 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तिथून आलेला. आधी दोन गॅरेजांनी त्याला परत पाठवलं होतं. इंजिनचा आवाज ऐकू येत नाही तो मेकॅनिक कसला, असं त्यांचं म्हणणं.

मला दोघांचीही काळजी होती. मामांना लॅपटॉप धरवेना आणि मुलाशी बोलायचं कसं ते मला कळेना.

मुलाच्या बाबतीत गाडीनेच मदत केली. विजेच्या गाडीचं निम्मं दुखणं पडद्यावर आकड्यांत दिसतं. एररचा कोड, सेलचा व्होल्टेज, मोटरचं तापमान. तिथे कानाचा मान राहिलेला नाही आणि हा मुलगा आकडे आमच्यापेक्षा भराभर वाचतो. खुणा त्याने आम्हाला शिकवल्या. जास्त व्होल्टची केबल नारिंगी रंगाची असते, तिच्यासाठी त्याची खूण म्हणजे संत्रं सोलणं. आता सगळी बॅच ऑरेंज केबल दिसली की हवेत संत्रं सोलते. एक अडचण मात्र आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती, ती त्यानेच दाखवली: जाड रबरी मोजे चढवले की खुणा करता येत नाहीत. म्हणजे सगळ्यात धोक्याच्या क्षणी तो मुका होतो. मग ठरवलं. मोजे घालण्याआधी काय करायचं ते सगळं बोलून घ्यायचं, आणि मोज्यासकट फक्त एक खूण: तळहात आडवा म्हणजे थांब. ही खूण कुणीही करो, सगळ्यांनी थांबायचं. शेडचा भोंगा होता, त्याला जोडून लाल फिरता दिवा बसवला. दिव्याचा उपयोग सर्वांत जास्त कुणाला झाला असेल तर मला. सत्तावीस वर्षांच्या घणघणाटाने माझाही एक कान गेलेलाच आहे.

आणि एक दुपार. हब मोटरची, म्हणजे चाकातच मोटर असलेली, स्कूटर होती, पडद्यावर सगळं ठीक, पण गिऱ्हाईक म्हणत होतं 'काहीतरी वेगळं वाटतंय'. लॅपटॉपवाले थकले. मामांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या धुऱ्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली, चाक हाताने फिरवलं आणि म्हणाले, "बेअरिंग." त्याच वेळी त्या मुलाने पलीकडच्या बाजूने स्विंगआर्मवर तळवा ठेवला होता. मामांचं बोलणं त्याला ऐकू आलं नव्हतं. त्याने पाटीवर लिहिलं: बेअरिंग. मोटर खोलली, गोळ्यांना गंज होता. पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढलेली.

मामा त्या दिवसानंतर रुसले नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, टायर, बेअरिंग हे विजेच्या गाडीतही आहेच, आणि बॅटरीच्या वजनाने त्यावरचा भार वाढलाय. त्यांची एकच सवय मोडायला चार महिने लागले: फ्यूज उडाला की त्याला तार गुंडाळून 'चालवून बघू' म्हणणं. पेट्रोलच्या गाडीत या 'चालवून बघू'वर त्यांनी तीस वर्षं संसार चालवला होता. इथे त्यानेच गाडी पेटेल.

५. बॅटरी उधळली

मार्गदर्शिका इंग्रजीत, कंपनीचा ट्रेनर हिंदीत, पोरं बीड-नांदेडची आणि काही बिहार-ओडिशाची. पहिली दोन वर्षं मी इंग्रजी शब्द पाठ करून घेत होतो आणि कुणालाच काही कळत नव्हतं. मामांमुळे गाडी रुळावर आली, कारण ते दर शब्दाला 'म्हणजे काय?' विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ द्यायचे नाहीत.

थर्मल रनअवे समजावून सांगत होतो. एक सेल तापला, त्याने शेजारचा तापवला, मग आवरेनासं झालं. मामा म्हणाले, "म्हणजे बॅटरी उधळली." बैल उधळतो तशी. एका शब्दात काम झालं. बीएमएस म्हणजे बॅटरीचा मुकादम. प्रत्येक सेलची हजेरी घेतो आणि एक जरी बिघडला तरी काम थांबवतो. सेल बॅलन्सिंगला पंगतीचा दाखला चालतो: एकाचं ताट आधी भरलं की वाढप्याला सगळ्यांचंच वाढणं थांबवावं लागतं, मग बाकीचे अर्धपोटी. ३.२ व्होल्टचे सोळा सेल ओळीने जोडले तर किती, असं विचारलं की दहावीला गणितात अडकलेला मुलगाही ५१.२ सांगतो, कारण त्या सोळा सेलांना त्याने स्वतः हात लावलेला असतो.

कंपनीत गेल्यावर इंग्रजी शब्दच लागतात, तेही शिकवतोच. पण आधी उधळणं कळावं, मग रनअवे. दोन्ही शब्द आता एकाच तक्त्यावर लिहिलेत, खाली हिंदीतही.

६. चारशे मीटर

परभणीच्या त्या मुलीला चांगल्या कारखान्यात नोकरी लागली. चार महिन्यांनी सोडली. मला वाटलं काम झेपलं नाही, नाहीतर लग्न ठरलं. फोन केला तर म्हणाली, सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस चौकात सोडते, तिथून खोलीपर्यंत चारशे मीटर अंधार आहे.

चारशे मीटर. तिच्या शिक्षणावर दोन वर्षं गेली, कारखान्याने चार महिने शिकवलं, आणि सगळं त्या चारशे मीटरवर अडलं. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या कलम ६६ मध्ये मुळात बायकांना संध्याकाळी सातनंतर कामाला बंदी होती. नंतर राज्यांनी अटी घालून सूट दिली, त्यात वाहतुकीची आणि सुरक्षिततेची अट आलीच. कागदावर बस होतीच की. ती कुठे थांबते हे कागद विचारत नाही. त्याच कायद्याचं कलम ४८ सांगायचं की तीसहून जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर हवं. काही ठिकाणी बायकांचा आकडा तिशीच्या अलीकडेच का थांबायचा, हे गणित मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आम्ही सात-आठ मुलींची एकच खोली बसच्या थांब्यालगत बघून दिली. भाडं हजारभर जास्त पडतं. मुलगी पुन्हा लागली, दुसऱ्या कारखान्यात. आता टिकली आहे.

७. जाड फाइल, कोरा हात

यावर थोडक्यात लिहितो, कारण लिहायला बसलो की राग येतो. मुलगा ट्रेनी म्हणून लागतो, अकरा महिने एकाच स्टेशनवर तेच चार बोल्ट आवळतो, ब्रेक मिळतो, दुसरीकडे पुन्हा ट्रेनी. तीन वर्षांनी माझ्याकडे येतो तेव्हा प्रमाणपत्रांची फाइल जाड झालेली असते आणि एकही पॅक उघडून पाहिलेला नसतो. इकडे कारखानदार सभांमधून सांगतात, कुशल माणसं मिळत नाहीत. तुम्हीच दर अकरा महिन्यांनी त्यांना गेटबाहेर सोडता, मग मिळतील कशी?

सरकारी बाजूलाही वेगळं नाही. एसटीची पहिली बस १९४८ साली १ जूनला पुणे ते अहमदनगर धावली, आणि २०२२ मध्ये त्याच तारखेला, त्याच मार्गावर ई-शिवाई ही विजेची बस. मला भरून आलं होतं. पण भाड्याने घेतलेल्या ई-बसची देखभाल कंत्राटदाराची माणसं करतात. डेपोतला जुना, हात बसलेला मेकॅनिक ती गाडी लांबूनच बघतो. त्याला शिकवलं तर तो सहा महिन्यांत तयार होईल. मामा झाले की.

८. मास्तरलाही वही लागते

माझ्या लॅपटॉपची भीती बावीस वर्षांच्या एका मुलीने घालवली. ती माझी विद्यार्थिनी होती, आता दुपारच्या बॅचला तीच शिकवते आणि मी मागच्या बाकावर बसतो. पहिल्या आठवड्यात तिने सगळ्यांसमोर माझी चूक दाखवली. जेवण गेलं नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गेलं.

आता वाचणाऱ्यांकडे एक मागणं. चाकण, रांजणगाव, तळेगाव, सुपे, कुठल्याही कारखान्यात तुमचा शब्द चालत असेल, तर आम्हाला किंवा तुमच्या गावच्या आयटीआयला उघडून बघायला वस्तू द्या. बॅटरीचे चालू पॅक देऊ नका. जुन्या बॅटरीचे २०२२ चे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. सेल काढलेले रिकामे पॅक, जळालेले कंट्रोलर, नाकारलेल्या मोटरी, कनेक्टर, चाचणीत आपटलेली एखादी गाडी, जे तुमच्याकडे भंगारात जातं ते द्या. रंगीत माहितीपत्रकं आमच्याकडे कपाटभर झाली आहेत. आणि हातमोजे पाठवणार असाल तर आठ आणि नऊ नंबरचे पाठवा. दहाचे भरपूर आहेत.